शोपँ कोणाचा ऐकायचा?

पियानोच्या संगीताचं वेड आहे असं कळलं, की आपल्याकडचा जाणता श्रोता पहिला प्रश्न विचारतो: शोपँ कोणाचा ऐकायचा? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो अस्सल आपल्या बैठकीतला आहे. मारवा म्हटलं की पाठोपाठ अमीर खाँसाहेबांचं नाव येतं, यमन म्हटलं की दोघांत वाद सुरू होतो. राग कोणाच्या मालकीचा नसतो, पण ऐकताना तो कोणाचा तरी असतो, हे मराठी श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही. युरोपच्या एकोणिसाव्या शतकातल्या पियानोसंगीताकडे वळताना ही शिदोरी आपल्याजवळ आधीपासून असते.

तरीही एक अडचण उरते. खयाल गाणाऱ्याच्या हाती बंदिशीच्या दोन-चार ओळी असतात; बाकीची इमारत तो तिथल्या तिथे उभी करतो. पोलिश संगीतकार शोपँने मात्र सगळं कागदावर उतरवून ठेवलं आहे. कोणता स्वर, किती वेळ, हळू की जोरात, पेडल कुठे दाबायचं नि कुठे सोडायचं, काही ठिकाणी तर कोणतं बोट ठेवायचं तेसुद्धा. वाजवणाऱ्याने पदरचा स्वर घालायचा नाही, अशी आजची रीत. मग कोर्तो, रुबिनस्टाइन, आर्गेरिच, पोलिनी या पियानोवादकांच्या ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी ठेवून ऐकायच्या कशासाठी? एकाच मजकुराच्या चार छापील प्रती ताडून पाहण्यासारखंच ते होणार नाही का? हे पुस्तक लिहिताना हा प्रश्न मी सतत डोळ्यांपुढे ठेवला. त्याचं उत्तर ऐकूनच पटतं. प्रस्तावनेत कान कुठे लावायचा त्या काही जागा दाखवाव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

मला ते उत्तर पहिल्यांदा कानावर आलं गिरगावात, खोताच्या वाडीजवळ. तिथे एक बाई घरी पियानो शिकवत. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या फुगून अडकू नयेत म्हणून त्या पियानोच्या पोटात एक लहानसा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवत. झाकणाच्या फटीतून त्याचा पिवळा उजेड दिसे. एका वर्षी संध्याकाळी त्यांची एक विद्यार्थिनी परीक्षेसाठी शोपँचं ई मायनरमधलं प्रेल्यूड बसवत होती. अवघ्या पंचवीस मापांची ही चीज. उजव्या हाताला सुरुवातीला जवळजवळ काहीच काम नाही: एक स्वर, त्याच्या शेजारचा स्वर, पुन्हा पहिला. डाव्या हातात तीन-तीन स्वरांचे गुच्छ एकसारखे वाजत राहतात आणि थोड्या थोड्या वेळाने त्यातला एखादाच स्वर अर्ध्या पायरीने खाली सरकतो. मुलगी बरोबर वाजवत होती, पण भिंतीत खिळे ठोकल्यासारखे ते गुच्छ ऐकू येत. एके दिवशी बाई स्वतः बसल्या. पियानो तोच, पान तेच. त्यांनी केलेला फरक मला नंतर कळला, तेव्हा नुसता अंगावर काटा आला होता. ज्या गुच्छात स्वर खाली उतरतो तेवढाच त्या किंचित दाबून वाजवत आणि त्याच्या मागचे त्याच्याच सावलीत विरत जात. त्यामुळे आठ ठोक्यांच्या जागी एकच लांब उतरण ऐकू येई. उतरणारा स्वर उरलेल्या दोघांपेक्षा जरा वर काढायचा, असं त्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही.

पियानोच्या बाबतीत आपल्या कानाला एक गोष्ट सुरुवातीला खटकते, ती आधी बोलून टाकतो. पियानोला मींड नाही. हातोडी तारेवर आपटते, आणि आपटल्या क्षणापासून स्वर मरू लागतो. गळ्याची, सारंगीची, अगदी पेटीच्या भात्याचीही सोय इथे नाही. एकदा पट्टी दाबली की त्या स्वराचं पुढे काही करता येत नाही. आणि शोपँ तर आपल्या शिष्यांना पॅरिसच्या ऑपेरात जाऊन गवई ऐकायला सांगायचा. मरणाऱ्या स्वरांच्या वाद्यातून गळा काढायचा, हा या संगीताचा मूळ हट्ट आहे. तो पुरवायला वाजवणाऱ्याच्या हाती फार थोड्या गोष्टी असतात. पुढचा स्वर मागच्याच्या विझत्या आवाजाशी जुळेल इतक्याच जोराने वाजवणं, पेडलने तारा मोकळ्या ठेवणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. स्वर केसभर उशिरा आणला, तर कान तेवढ्या फटीत मींड स्वतःच भरून घेतो.

वेळेशी चाललेल्या या खेळाला इटालियन शब्द आहे रुबातो, म्हणजे चोरलेला. शब्द परका असला तरी वस्तू आपल्या रोजच्या ऐकण्यातली आहे. तबलजी ठेका धरून बसलेला असतो; गाणारा शब्द मागे ओढतो, रेंगाळतो, आता चुकणार असं वाटतं आणि नेमका समेवर येतो. शोपँच्या शिष्यांनी त्याच्या शिकवणीबद्दल जे लिहून ठेवलंय ते जवळपास हेच आहे: डाव्या हाताने लय सांभाळायची, उजव्याने मोकळं व्हायचं. फरक इतकाच, की इथे तबलजी आणि गवई एकाच माणसाच्या दोन हातांत बसलेले असतात. म्हणून या पुस्तकात जागोजागी मी वाचकाला डाव्या हाताकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे. उजवा हात कानाला आपसूक ओढून नेतो. पण अमुक एका वादकाचा शोपँ वेगळा का वाटतो याचं कारण बहुतेक वेळा डाव्या हातात सापडतं.

मात्र शिष्यांनी लिहिलेलं हे वाक्य म्हणजे सगळी गोष्ट नव्हे, आणि याचा उत्तम पुरावा शोपँच्याच खोलीत घडलेला आहे. मझुर्का हा तीन मात्रांचा पोलिश नाच. शोपँने पन्नासहून अधिक मझुर्का लिहिल्या. व्हिल्हेल्म फोन लेन्झ नावाचा त्याचा एक शिष्य सी मेजरमधली मझुर्का वाजवत असताना ऑपेराचा त्या काळचा बडा संगीतकार मायरबेअर आत आला, आणि ऐकून म्हणाला, ही तर दोन मात्रांची आहे. शोपँ खवळला. पेन्सिलीने ठोके देत त्याने ती पुन्हा वाजवून घेतली, स्वतः वाजवून दाखवली. मायरबेअर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला आणि दोघांचं बिनसलं. दुसरा पियानोवादक चार्ल्स हॅले याचा अनुभव उलट्या बाजूचा. शोपँ वाजवताना तीनऐवजी चार मोजता येतात, असं त्याने धीर करून सांगितलं. शोपँने साफ नाकारलं. तेव्हा हॅलेने त्याला वाजवायला लावून स्वतः मोठ्याने चार मोजून दाखवले. शोपँ हसला आणि म्हणाला, हा आमच्या नाचाचाच स्वभाव आहे.

मला ही गोष्ट या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. ज्याने कागदावर तीन लिहिले तो स्वतः चार वाजवत होता, आणि आपण तीनच वाजवतो आहोत याची त्याला खात्री होती. पोलिश माणसाच्या पायात दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर जो झोक येतो, तो त्याला इतका अंगवळणी होता की लिहायची गरजच भासली नाही. स्वरलेखनात कोणतं चिन्ह त्या झोकासाठी वापरणार? पण म्हणून तो पोलंडमध्ये जन्मलेल्यांनाच साधतो असंही नाही. 1955 साली वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत मझुर्कांसाठीचं खास पारितोषिक मिळालं ते फू त्सुंग या विशीतल्या चिनी तरुणाला. हे वाचल्यापासून, आपण दूरच्या देशातले, आपल्याला यातलं काय कळणार, हा संकोच मी सोडून दिला.

आणि कागद तरी एकच होता का? शोपँच्या रचना फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंड इथे साधारण एकाच वेळी निघायच्या आणि तिन्ही आवृत्त्यांत फरक असायचे. शिवाय शिकवताना तो शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने बदल करायचा. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचे पाठभेद जुळवणाऱ्यांना ही डोकेदुखी नवी वाटणार नाही. ई फ्लॅट मेजरमधलं लहानसं नॉक्टर्न, ओपस 9 मधलं दुसरं, बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. राउल कोचाल्स्की याने 1938 मध्ये ते ध्वनिमुद्रित केलं तेव्हा छापील पानावर नसलेल्या बऱ्याच बारीक ताना त्यात घातल्या. त्या त्याच्या मनच्या नव्हत्या. लहानपणी तो कारोल मिकुलीकडे शिकला होता आणि मिकुली हा थेट शोपँचा शिष्य. त्या ताना शोपँनेच शिष्यांना लिहून दिलेल्या पर्यायांतल्या आहेत. म्हणजे पदरचा स्वर घालायचा नाही ही रीत आपण समजतो तितकी जुनी नाही. गुरूच्या गुरूकडून आलेली तालीम अशी तबकडीवर सापडते, तेव्हा मला तरी हात जोडावेसे वाटतात.

शोपँ 1849 मध्ये गेला. एडिसनचा फोनोग्राफ आला 1877 मध्ये. ही दरी कधीच भरून निघणार नाही. शोपँचा पियानो कसा वाजत असेल हे आपल्याला शिष्यांच्या आठवणींवरून आणि त्याच्या आवडत्या प्लेयेल कंपनीच्या जपून ठेवलेल्या वाद्यांवरूनच ताडावं लागतं. पण त्याच्यानंतरच्या दुसऱ्या पिढीचे बरेच हात तबकडीत सापडले. कोचाल्स्की आहेच, मिकुलीकडे आणि पुढे लिस्टकडे शिकलेला मोरित्स रोझेन्ताल आहे, पुढे पोलंडचा पंतप्रधान झालेला पादेरेव्स्की आहे, वाजवता वाजवता श्रोत्यांशी बोलणारा पाखमान आहे. या मंडळींना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एक धक्का बसतो. त्यांचे दोन हात एका वेळी पडत नाहीत. डावा आधी येतो, उजवा किंचित मागून. आजच्या क्लासमध्ये असं वाजवलं तर शिक्षक थांबवतील. मलाही आधी तो गलथानपणा वाटला. मग लक्षात आलं, की खालचा स्वर आधी वाजला म्हणजे तारा गुंजू लागतात आणि वरचा स्वर त्या गुंजनावर येऊन बसतो. तंबोरा लागलेला असताना षड्ज लावावा तसा. तेव्हापासून जुन्या तबकड्यांमधली ही फट मी शोधत असतो.

तबकडीच्या तंत्राचे परिणामही विसरून चालत नाही. 78 फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीची एक बाजू जेमतेम चार-साडेचार मिनिटांची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-सव्वातीन मिनिटांत राग कसा बसवला हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना या बंधनाची ताकद आणि जाच दोन्ही ठाऊक आहेत. 1925 पर्यंत मायक्रोफोन नव्हता, वादकाला कर्ण्यापुढे वाजवावं लागे, आणि पियानोचा खालचा आवाज त्यात पार वाहून जाई. टेप येईपर्यंत जोडकाम नव्हतं. चौथ्या मिनिटाला बोट घसरलं तर सगळी बाजू पुन्हा वाजवायची, नाहीतर घसरलेलं बोट कायमचं ठेवायचं.

आल्फ्रेद कोर्तोने कितीतरी घसरलेली बोटं ठेवली. 1933-34 मध्ये त्याने शोपँचे चोवीस एत्यूद ध्वनिमुद्रित केले. 1972 मध्ये तेच चोवीस मौरीत्सियो पोलिनीने केले. दोन्ही लागोपाठ ऐकावेत. पोलिनीत प्रत्येक स्वर स्वच्छ, कोरीव, उन्हात ठेवलेल्या दगडासारखा. कुठे काही सांडलेलं नाही. त्याच्यानंतर कोर्तो लावला की सुरुवातीला चुका मोजल्या जातात. मोजू द्याव्यात. थोड्या वेळाने मोजणं आपोआप थांबतं, कारण वाक्य कुठे सुरू झालं आणि कुठे संपणार आहे हे कोर्तोला जसं माहीत असतं तसं फार थोड्यांना असतं. तो प्रत्येक ओळीला बोलण्याची चाल देतो. शोपँच्या प्रेल्यूड्सना त्याने स्वतःची शीर्षकंही दिली होती. वर सांगितलेल्या ई मायनरच्या प्रेल्यूडला त्याने नाव दिलं ‘एका कबरीपाशी’. मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीला तेच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवलं गेलं होतं. अशी शीर्षकं मला स्वतःला जड वाटतात, पण ती देणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्या डाव्या हातात ऐकू येतं.

कोर्तोबद्दल लिहिताना आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याने फ्रान्सच्या नाझीधार्जिण्या व्हिशी सरकारात पदं घेतली आणि नाझी जर्मनीत कार्यक्रम केले. युद्धानंतर त्याच्यावर काही काळ बंदी आली, आणि 1947 मध्ये पॅरिसमध्ये तो रंगमंचावर आला तेव्हा श्रोत्यांनी निषेध केला. त्या निषेधाला कारण होतं. त्याचं वादन ऐकताना मी हे विसरत नाही, वाचकानेही विसरू नये. आणि तरीही ते वादन ऐकावं असंच माझं म्हणणं आहे.

पान आणि वाजवणारा यांच्या नात्याचं सगळ्यात धीट उदाहरण म्हणजे सर्गेई रखमानिनोवने 1930 मध्ये ध्वनिमुद्रित केलेला शोपँचा बी फ्लॅट मायनर सोनाटा, ज्याच्या तिसऱ्या भागात ती जगप्रसिद्ध शवयात्रा आहे. डावा हात दोन गुच्छांमध्ये हेलकावे घेत राहतो, दूरच्या घंटेसारखा. मध्ये एक साधी, उघडीवाघडी धून येते. तिच्यानंतर शवयात्रा परतते, आणि तिथे शोपँने आवाज हळू ठेवायला सांगितलं आहे. रखमानिनोव तिथे पूर्ण ताकदीने कोसळतो, आणि मग मापामापाने आवाज कमी करत नेतो, अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत. एवढ्या एका बदलाने चित्रच पालटतं. पहिल्या वेळी यात्रा लांबून आपल्याकडे येते, मधल्या धुनीत आपण कबरीपाशी उभे असतो, आणि परतताना ती आपल्यासमोरून निघून दूर जाते. ही युक्ती अंतोन रुबिनस्टाइन या त्याच्या आधीच्या रशियन दिग्गजाची. 1885-86 च्या हंगामात मॉस्कोत त्याच्या मैफली झाल्या तेव्हा बारा-तेरा वर्षांचा रखमानिनोव त्या ऐकायला जात होता. चव्वेचाळीस वर्षं मनात ठेवलेली जागा त्याने तबकडीवर उतरवली.

हे शोपँच्या लिहिण्याविरुद्ध आहे, यात शंका नाही. विद्यार्थ्याने असं करू नये असंच मी सांगेन. पण ते ऐकल्यानंतर लिहिल्याप्रमाणे वाजवलेली शवयात्राही मला वेगळी ऐकू येऊ लागली. परतताना आवाज हळू ठेवला की यात्रा कुठेही जात नाही, ती पुन्हा पहिल्या पावलापासून सुरू होते, जणू मधली धून कोणी वाजवलीच नव्हती. शोपँच्या मनात कदाचित हेच जास्त भयाण होतं. रखमानिनोवने नियम मोडला नसता, तर त्या नियमाचं इंगित मला समजलं नसतं.

एकाच माणसाच्या हातात पान कसं बदलतं हे पाहायचं तर आर्तुर रुबिनस्टाइनकडे जावं. या दोघा रुबिनस्टाइनांचं काही नातं नाही. हा पोलंडमधल्या वुजचा, 1887 साली जन्मलेला. मझुर्कांचा सगळा संच त्याने तीनदा ध्वनिमुद्रित केला: 1938-39 मध्ये, 1952-53 मध्ये आणि 1965-66 मध्ये. पहिल्या संचात तो पन्नाशीत आहे, शेवटच्या संचात ऐंशीला टेकलेला. पहिल्यात लय उसळते, वळणावर गाडी जरा कलते, काही ठिकाणी पुढचं वाक्य मागच्याच्या टाचेवर पाय देतं. शेवटच्यात सगळं निवळलेलं, आवाज मोठा आणि उबदार, घाई कुठेच नाही. शेवटचा संच दुकानात सहज मिळायचा म्हणून वर्षानुवर्षं मी तोच ऐकला आणि तोच खरा रुबिनस्टाइन असं धरून चाललो. मग तीसच्या दशकातला हाती आला, आणि मझुर्का हा मुळात पायांचा प्रकार आहे हे मला पहिल्यांदा जाणवलं. मधला संच मी कमी ऐकतो. त्याच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही.

दिनू लिपात्तीवर या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. हा रुमानियन वादक रक्ताच्या असाध्य आजाराने 33 व्या वर्षी गेला. 1950 च्या जुलैत जिनिव्हात त्याने शोपँचे चौदा वॉल्ट्झ ध्वनिमुद्रित केले आणि सप्टेंबरमध्ये बेझाँसाँ इथे शेवटची मैफल केली, तीही ध्वनिमुद्रित आहे. चौदापैकी तेरा वॉल्ट्झ वाजवून झाले, चौदावा वाजवण्याचं त्राण उरलं नाही. डिसेंबरमध्ये तो गेला. ही हकिगत माहीत असली की प्रत्येक स्वरात मृत्यू ऐकू येऊ लागतो. माझी विनंती आहे की आधी जिनिव्हातली मुद्रिका ऐकावी, आणि शक्य तर हकिगत बाजूला ठेवून. तिथे आजार ऐकू येत नाही. नाचाचा आनंद ऐकू येतो, आणि पाण्याच्या थेंबासारखे वेगळे राहूनही ओळीत धावणारे स्वर.

नावाचा आणि हकिगतीचा कानावर किती अंमल असतो, याचा धडा संगीतविश्वाला 2007 मध्ये मिळाला. जॉइस हॅटो या इंग्लिश पियानोवादक बाईंच्या नावाने शंभरहून अधिक सीडी निघाल्या होत्या. कर्करोगाशी झुंजत घरच्या घरी एवढं काम करणारी म्हातारी बाई, अशी त्यांची कीर्ती झाली आणि समीक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्या गेल्यानंतर उघड झालं की त्या सीडी इतर वादकांच्या ध्वनिमुद्रिकांवरून उतरवलेल्या होत्या. त्यांच्या पतीने पुढे हे कबूल केलं. या प्रकरणाचा एक धागा आपल्या विषयाला थेट भिडतो. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे इथे निकोलस कुक आणि क्रेग सॅप हे अभ्यासक शोपँच्या मझुर्कांच्या वेगवेगळ्या ध्वनिमुद्रिका घेऊन, प्रत्येक मात्रा किती लांबली हे संगणकावर मोजत होते. दोन वादकांची मापं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. इथे दोन जुळली: हॅटो यांच्या नावावरची मझुर्का आणि यूजीन इंजिच या वादकाची. माणसाच्या वेळेची चाल त्याच्या बोटाच्या ठशासारखी असते, हे एवढ्या उघडपणे आधी कोणी दाखवलं नव्हतं. आणि इंजिचची ती ध्वनिमुद्रिका आधीपासून दुकानात होती. तीच बोटं, तेच स्वर. वेष्टनावरचं नाव तेवढं निराळं. मला फसवणुकीपेक्षा त्याबद्दल जास्त वाईट वाटतं.

त्यामुळे शोपँ कोणाचा ऐकायचा, या प्रश्नाला मी एका नावाने उत्तर देत नाही. निदान दोन ऐकावेत, आणि तेही एकाच छोट्या चिजेचे. सगळा संच एका बैठकीत ऐकण्याच्या भरीला पडू नये. चार मिनिटांची एक मझुर्का घ्यावी. ए मायनरमधली, ओपस 17 मधली चौथी, या कामाला फार चांगली आहे. ती सुरूच अशी होते की कोणीतरी आधीपासून काही विचार करत बसलंय आणि आपण मध्येच दार उघडलं: चार मापं नुसते हळू गुच्छ, वरचे-खालचे स्वर जागच्या जागी आणि आतला एकच स्वर हलतो. तो आतला स्वर वादक कसा काढतो ते बघावं. कोणी त्याला पुढे आणून गायला लावतो, कोणी धुक्यात ठेवतो. मग धून सुरू झाली की डाव्या हाताची दुसरी मात्रा केव्हा पडते ते ऐकावं. मायरबेअर आणि हॅले यांनी ज्यावरून शोपँशी वाद घातला ती जागा हीच. होरोविट्झ ही मझुर्का बऱ्याचदा वाजवत असे. त्याचं आणि आर्तुर रुबिनस्टाइनचं पहिलं अर्धं मिनिट लागोपाठ तीनदा ऐकलं, तरी पुष्कळ उलगडतं. वादनाचा व्हिडिओ बघू नये. चेहरा नि हातवारे कानाला फितवतात. जुन्या तबकडीची खरखर पहिली दोन मिनिटं त्रास देते, मग पागोळ्यांच्या आवाजासारखी मागे पडते. ती गाळून टाकलेल्या अतिस्वच्छ आवृत्त्या मी टाळतो, कारण खरखरीबरोबर स्वरांची टोकंही गळून जातात.

पुस्तकात दहा प्रकरणं आहेत आणि लिपात्तीवरचं सोडलं तर प्रत्येक प्रकरण एकाच चिजेवर आहे. शूमान, लिस्ट, ब्राम्स यांच्याबद्दल मी जाणूनबुजून लिहिलेलं नाही. शोपँसाठी जेवढी वर्षं दिली तेवढी त्यांना दिलेली नाहीत, आणि उसन्या मतांवर प्रकरण उभं करणं मला जमणार नाही. स्वरलेखन वाचता येत नसलं तरी अडणार नाही असं सगळीकडे पाहिलं आहे.

पहिलं प्रकरण आहे ई फ्लॅट मेजरमधल्या दुसऱ्या एका नॉक्टर्नवर, ओपस 55 मधलं दुसरं. 1844 मध्ये ते छापलं गेलं, जेन स्टर्लिंग या स्कॉटिश शिष्येला अर्पण करून. इतर नॉक्टर्न्समध्ये मधोमध एखादं वादळ येतं तसं इथे येत नाही. एकच ओघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातो, आणि बराच वेळ उजव्या हातात एकाऐवजी दोन गळे असतात, एकमेकांचं वाक्य पुरं करणारे. ते इग्नात्स फ्रीडमानने 1936 मध्ये वाजवलं, तबकडीच्या एका बाजूत. क्राकोव्हजवळ जन्मलेला हा वादक पुढे सिडनीत वारला. त्याच्या बोटांखाली ते दोन गळे खरोखरच दोन माणसांचे वाटतात: एकाचा स्वर भरघोस, दुसऱ्याचा जरा बाजूला उभं राहून बोलल्यासारखा, आणि दोघेही कधी एका ठोक्यावर येत नाहीत. खाली डावा हात मोठमोठे पल्ले घेत चाललेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन्ही गळ्यांच्या मागे धावायचा प्रयत्न केला आणि दोन्ही हातचे सुटले. दुसऱ्यांदा नुसता खालचा गळा धरला. तिसऱ्यांदा डावा हात. पान उलटण्याआधी ते एकदा ऐकून घ्यावं. नंतर प्रकरण वाचावं, आणि माझं म्हणणं पटलं नाही तर तबकडी पुन्हा सुरुवातीपासून लावावी.